सोडून जाण्याची सोय

ठाण्याच्या लँडलाइनचा कोड ०२२ आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१. ठाणे ते डोंबिवली लोकलने जेमतेम चौदा किलोमीटर, वाटेत पारसिकचा डोंगर आणि खाडी. पण तेवढ्या अंतराने फोन वापरणाऱ्यांच्या दोन वेगळ्या जमाती तयार केल्या. ठाणे १९८६ साली स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमच्या, म्हणजे एमटीएनएलच्या हद्दीत. कल्याण-डोंबिवली आधी दूरसंचार खात्याकडे आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे. ठाण्याच्या नौपाड्यातून दादरला लावलेला फोन गावातला, डोंबिवलीच्या फडके रोडवरून लावलेला बाहेरगावचा. पुढे शंभर-दोनशे किलोमीटरच्या आतल्या फोनसाठी '९५' ची सोय झाली, तेव्हा डोंबिवलीतल्या दुकानांच्या पाट्यांवर ९५२५१ ने सुरू होणारे नंबर रंगवले गेले. ती सोय बंद झाली तरी पाट्या बरीच वर्षे तशाच होत्या. एकाच लोकलने एकाच कचेरीत जाणारी दोन माणसे, पगारही सारखाच, पण घरी परतल्यावर फोन उचलला की एकाचे बिल वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे. कोणती कंपनी चांगली, कोणती स्वस्त, हे ठरवायचा प्रश्नच दोघांपुढे आला नाही. तुम्ही खाडीच्या कोणत्या बाजूला घर घेतले, त्यावर ते ठरत होते.

हे पुस्तक तिथून पुढे काय झाले याबद्दल आहे. ज्या पट्ट्यात एकेकाळी फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तिथे आज एकेका इमारतीच्या गच्चीवरून चार-पाच कंपन्यांच्या वायरी जातात, प्रत्येक टपरीवर क्यूआर कोड आहे, आणि वागळे इस्टेटमधल्या दहा माणसांच्या कारखान्यालाही सॉफ्टवेअर विकायला दर महिन्याला कोणी ना कोणी येतो. निवड भरपूर झाली. गिऱ्हाईक सुखी झाले का? याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही, म्हणून तर एवढी पाने लिहावी लागली. पण त्या पानांतून पुन्हा पुन्हा वर आलेली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. किंमत खरेदीच्या दिवशी दिसते. सेवा वस्तू बिघडेल त्या दिवशी दिसते. आणि स्पर्धा आहे की नाही, हे ती वस्तू सोडून दुसरीकडे जायचे ठरवाल त्या दिवशीच कळते. बाजारात पाच नावे असणे म्हणजे स्पर्धा, असे आपण समजतो. माझ्या मते पाचापैकी एकाला नाराज होऊन सोडताना खिशाला आणि डोक्याला किती ताप होतो, हे स्पर्धेचे खरे माप.

एमटीएनएल आणि बीएसएनएलच्या काळाबद्दल हल्ली दोन टोकांचे बोलले जाते. एक पिढी नुसती थट्टा करते, दुसरी हळहळते. दोन्हींत थोडे खरे आहे. त्या काळी भाडे कमी होते, दर सरकार ठरवत असे आणि तक्रार घेऊन जायला एक्सचेंज नावाची खरीखुरी इमारत होती. लाइनमन नावाने माहीत असे, चहा पिऊन जाई, आणि कोणत्या खांबावरची कोणती जोडी खराब आहे हे त्याला तोंडपाठ असे. पण तो आला नाही तर दुसरे दार नव्हते. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक आणि एमटीएनएलमधून १४ हजारांहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. खांबांवरची तांब्याची जोडी ज्यांना ठाऊक होती ती माणसे त्या संध्याकाळी घरी गेली. त्यानंतर ठाण्यात किंवा डोंबिवलीत मुका झालेला लँडलाइन पुन्हा बोलता करणे किती अवघड झाले, हे ज्यांनी तो तोवर ठेवला होता त्यांना विचारावे. बिल वाढले नव्हते. कमी किमतीत सेवाही येते हा समज मोडायला एवढे एक उदाहरण पुरे आहे. सेवा म्हणजे माणसे, आणि माणसांचे पैसे कोणाला तरी द्यावेच लागतात.

मोबाइलची कथा उलटी. १९९५ मध्ये मुंबईत मोबाइल आला तेव्हा कंपन्या दोनच होत्या, मॅक्सटच आणि बीपीएल. बोलायला मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास आणि आलेला फोन घेतला तरी पैसे. या परवान्यांची हद्द मात्र आपल्या पट्ट्याच्या दृष्टीने मजेची होती. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण या टेलिफोन एक्सचेंजांचा भाग मिळून एक 'मुंबई सर्कल'. लँडलाइनने ज्यांना खाडीच्या दोन बाजूंना तोडले होते, त्यांना मोबाइलने एका रेषेत आणून बसवले. डोंबिवलीकर पहिल्यांदा कागदोपत्री मुंबईकर झाला तो महापालिकेमुळे नाही, सिमकार्डामुळे. गाडी कर्जतकडे गेली की रोमिंग लागायचे, एवढीच काय ती आठवण. २००३ पासून आलेला फोन फुकट झाला, कंपन्या वाढत गेल्या, आणि मग २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली.

या शेवटच्या तारखेचे महत्त्व मला ५ सप्टेंबर २०१६ पेक्षा, म्हणजे जिओ बाजारात आले त्या दिवसापेक्षा, जास्त वाटते. हे मत पुष्कळांना पटणार नाही. जिओने ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळे फुकट दिले, डेटाचे दर पार खाली आणले, हे सगळ्यांना आठवते. पण नंबर बदलावा लागला असता, तर डोंबिवलीतला क्लासवाला, ठाण्यातला एलआयसी एजंट, कल्याणचा कांदा-बटाट्याचा आडत्या जुनी कंपनी सोडून गेले असते का? ज्यांचा धंदाच नंबरावर चालतो त्यांना फुकट डेटाही महाग पडला असता. १९०० वर 'PORT' चा संदेश पाठवला की काही दिवसांत काम होते, या धाकाने जुन्या कंपन्यांनी दर उतरवले. फुकटाचा मोसम संपला. हा धाक टिकायला हवा होता.

तो टिकला का? रिलायन्स कम्युनिकेशन्सची (आरकॉम) मोबाइल सेवा आणि एअरसेल बंद पडली, टाटा डोकोमोचे गिऱ्हाईक एअरटेलकडे गेले, व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एक झाल्या. एकेकाळी डझनभर नावे होती तिथे तीन खासगी कंपन्या आणि एक सरकारी उरली. मग डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशी तीन वेळा दरवाढ झाली, आणि शेवटच्या वेळी तिघांनी दोन दिवसांच्या आत ती लागू केली. जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ झाला. रागावून लोक बीएसएनएलकडे गेले. देशभरात काही महिने त्यांचे गिऱ्हाईक वाढले, आणि मग ओघ आटला, कारण नेटवर्क. दार उघडे होते, पण पलीकडच्या खोलीत दिवा नव्हता. पोर्टिंगची सोय जशी लागते, तशी पोर्ट करून जाण्याजोगी जागाही लागते. या दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या ती वर्षे या पट्ट्यात मोजकीच होती, आणि आपण त्यांना कायमची समजून बसलो.

केबल टीव्हीवर पुढे एक अख्खे प्रकरण आहे. इथे थोडे रेंगाळतो, कारण या पट्ट्यातल्या बाजाराचा स्वभाव कुठेही दिसत नाही इतका केबलमध्ये दिसतो. नव्वदच्या दशकापासून केबलवाल्यांनी शहर 'एरिया' मध्ये वाटून घेतले. कागदावर स्पर्धेला बंदी नव्हती, पण तुमच्या गल्लीत ज्याची वायर, तोच तुमचा. नवा आला की रात्रीत वायर कापली जाई, असे किस्से प्रत्येक वस्तीत आहेत. कायद्याने खुला आणि गल्लीत बंद, असा हा बाजार. तरी केबलवाल्याची एक गोष्ट कोणी नाकारणार नाही. गणपतीच्या दिवसांत, क्रिकेटच्या सामन्यात, रात्री अकरा वाजता फोन केला तर माणूस शिडी घेऊन यायचा. गिऱ्हाईक कुठे जाणार नाही हे माहीत असूनही तो यायचा, कारण तो त्याच वस्तीत राहायचा आणि सकाळी दूध आणायला त्याच दुकानात भेटायचा. माझे माप इथे तोकडे पडते, हे मान्य करायला हवे. सोडून जाण्याची सोय नसतानाही सेवा मिळते, जर सेवा देणाऱ्याला तुमच्यासमोरून जावे लागत असेल.

मग डिजिटायझेशन आले. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२, आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे जुनी केबल चालू आणि पलीकडे सेटटॉप बॉक्सशिवाय पडदा काळा, असे पाच महिने गेले. प्रत्येक घरात एक डबा आला. तो विकत घेतला की भाड्याने, हे बहुतेकांना आजही सांगता येणार नाही. गंमत अशी की, एका कंपनीचा डबा दुसरीकडे चालत नाही. मोबाइलमध्ये सिम बदलले की झाले, टीव्हीत डबाच फेकावा लागतो. दूरसंचार नियामक 'ट्राय' ने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की डबे कोणत्याही कंपनीत चालतील असे असावेत. शिफारस आहे तिथेच आहे. त्याआधी १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडण्याचा अधिकार मिळाला होता. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि वर हव्या त्या वाहिन्यांचे पैसे. १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी गठ्ठ्यात घालता येणार नाही असा नियम झाला, तर लोकप्रिय वाहिन्यांची किंमत नेमकी १९ वर जाऊन बसली. निवडीच्या नावाखाली वाहिन्यांच्या याद्या हातात पडल्या, आणि बहुतेक घरांनी शेवटी केबलवाल्याला सांगितले, 'तुम्हीच काय ते टाका.' बिल अनेकांचे वाढले. निवड म्हणजे वेळ, आणि वेळ नसलेल्या गिऱ्हाइकाला निवडीचा फायदा होत नाही. नियामकांना हे कळायला हवे होते, असे मला स्पष्ट वाटते.

आज तोच केबलवाला इंटरनेटही देतो. फायबर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाते, कारण रस्ता खणायचा तर महापालिकेचे खोदाई शुल्क, परवानगी आणि पावसाळ्यात खोदाईला बंदी. २०२० च्या टाळेबंदीत या गच्चीवरच्या वायरींनी हजारो घरांची नोकरी सांभाळली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर जिओफायबरने ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ रुपयांवर आणला, कर धरून ४७१. स्थानिक केबलवाल्यांनाही दर खाली आणावे लागले. तरी घोडबंदर रोडवरच्या किंवा पलावासारख्या मोठ्या वसाहतींत एक वेगळाच अडथळा पुढे आला. इमारतीत वायर कोणाची येणार हे बिल्डर किंवा सोसायटीची कमिटी ठरवते. कधी त्यामागे खरी कारणे असतात: डक्ट भरलेले, गच्चीवर गळती, दर महिन्याला नवा माणूस ड्रिल घेऊन. कधी कारण वेगळे असते आणि ते इतिवृत्तात लिहिले जात नाही. ट्रायने इमारतीच्या आत सर्व कंपन्यांना प्रवेश मिळावा अशी शिफारस जानेवारी २०१७ मध्ये केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल दर्जा देण्याचे नियम काढले. नवे घर घेताना आपण पाणी विचारतो, पार्किंग विचारतो. 'इथे किती कंपन्यांचे फायबर येते' हा प्रश्न साइट ऑफिसमध्ये कोणी विचारत नाही, आणि तो विचारावा असे मी सुचवतो.

माझ्या स्वतःच्या घरात एकदा राउटरवरचा दिवा आठवडाभर लाल राहिला. कंपनीच्या अॅपवर तक्रार रोज 'सोडवली' म्हणून बंद होत होती. शेवटी शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या मुलाने सांगितले की वायर आमच्याच गच्चीवर उंदराने कुरतडली आहे. तक्रार बंद होण्याचा वेग हे सेवेचे माप म्हणून मिरवले जाते, तेव्हा मला तो दिवा आठवतो.

विजेबद्दल थोडक्यात, कारण ते या पुस्तकाच्या कडेला आहे. या भागात महावितरण, आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात मार्च २०२० पासून फ्रँचायझी म्हणून टोरंट. वीजदर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून फ्रँचायझी आली तरी दर तोच राहतो. बदलतो तो बिल वाटणारा, मीटर तपासणारा आणि फोन उचलणारा. गिऱ्हाइकाने निवडलेले काहीच नाही. कंत्राटासाठी कंपन्यांची स्पर्धा झाली, पण घराघरापाशी आली नाही. भारनियमनाच्या वर्षांत मात्र गिऱ्हाइकांनी आपली सोय स्वतःच केली. डोंबिवली-कल्याणमध्ये इन्व्हर्टरचा धंदा फुलला, आणि त्याबरोबर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला दर तीन महिन्यांनी येणारा माणूस आणि त्याचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी.

एएमसीवर कोणी वेगळे पुस्तक लिहावे. पाण्याचा प्युरिफायर, लिफ्ट, सीसीटीव्ही, एसी, प्रिंटर, सगळ्यांचे पैसे वस्तूत कमी आणि एएमसीत जास्त. सोसायटीच्या सभेत तीन कोटेशन मागवली जातात आणि सगळ्यात कमी आकड्यावर हात वर होतात. कोटेशनमध्ये लिहिलेले असते ते वस्तूचे. दुसऱ्या वर्षीचा एएमसी किती, बोर्ड गेला तर कोणाचा, हार्ड डिस्कमधले चित्रण कोणत्याही दुसऱ्या मशीनवर उघडते का, हे विचारणाऱ्या सभासदाला 'फार खोलात जातोय' असे समजले जाते. सभासदाने खोलात जावे. डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या गोखले रोडवर दुकानात जाऊन टीव्ही डोळ्यांनी पाहायचा, आवाज ऐकायचा आणि मग फूटपाथवर उभे राहून मोबाइलवरून मागवायचा, ही पद्धत आता कोणाला लाजिरवाणी वाटत नाही. त्या दुकानदाराने दाखवण्याचे काम फुकट केले. टीव्ही बिघडला की आपण पुन्हा त्याच्याकडे जातो आणि 'तुम्ही घेतला नाही ना आमच्याकडून' हे ऐकून चिडतो. मला तो चुकत आहे असे वाटत नाही. दुरुस्तीचा अधिकार म्हणून केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल काढले. सुटे भाग आणि माहिती खुल्या बाजारात आली, तरच त्या दुकानदाराच्या मागच्या खोलीतला कारागीर टिकेल, आणि तो टिकला तरच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कोणाची तरी भीती राहील.

आता धंद्याकडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १९६२ चा आणि वागळे इस्टेट ही त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी. डोंबिवलीची एमआयडीसी रसायने, रंग, यंत्रांचे भाग बनवणारी. या कारखान्यांत तंत्रज्ञानाची मोठी खरेदी मालकाने हौसेने केलेली फारशी नाही. कायद्याने करायला लावलेली आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि ज्याने बिलबुकावर पंचवीस वर्षे काढली त्यानेही संगणक घेतला. मग ई-इन्व्हॉइस. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपासून सुरुवात झाली आणि १ ऑगस्ट २०२३ ला ती मर्यादा ५ कोटींवर आली. म्हणजे दरवर्षी मर्यादा उतरत गेली आणि दरवर्षी नवे कारखाने सॉफ्टवेअरच्या दुकानात ढकलले गेले. तिथे 'टॅली' घ्यायचे की दुसरे काही, हे मालक ठरवतच नाही. ठरवतो त्याचा सीए किंवा अकाउंटंट, कारण त्याला जे येते ते. हिशेब पंधरा वर्षे एका प्रकारात साठला की दुसरीकडे जायचा खर्च सॉफ्टवेअरच्या किमतीच्या किती तरी पट असतो: जुने लेजर हलवायचे, माणूस पुन्हा शिकवायचा, मार्चअखेर गोंधळ झाला तर दंड. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून पहिल्या वर्षी सवलत असते आणि नूतनीकरणाला नसते.

हेच मोठ्या आकारात संस्थांचे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने शतकाच्या सुरुवातीला एबीएम नॉलेजवेअर या कंपनीसह ई-गव्हर्नन्स आणि नागरी सुविधा केंद्र उभे केले, तेव्हा राज्यातल्या इतर पालिकांसाठी तो नमुना ठरला. दाखला, कर, परवाना एका खिडकीवर, हे त्या काळी नवलाचे होते. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. या बँकांनी लेजरवरून कोअर बँकिंगवर जाताना घेतलेले निर्णय ठेवीदारांना कधी दिसले नाहीत, पण त्यांचे परिणाम पासबुकाच्या रांगेत दिसले. बँक असो की पालिका, एकदा लाखो नोंदी एका प्रणालीत गेल्या की निविदेतल्या सर्वांत कमी दराला फारसा अर्थ राहत नाही. करार संपताना आपला सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल, हे कलम निविदेच्या पहिल्या पानावर असायला हवे. ते बहुधा शेवटच्या परिशिष्टात असते, किंवा नसते.

याच्या अगदी उलट उदाहरण ठाण्याच्या जांभळी नाक्यावर कोणीही पाहू शकतो. एप्रिल २०१६ मध्ये एनपीसीआयने यूपीआय आणले. भाजीवाल्याच्या पाटीवर एका कंपनीचा क्यूआर लावलेला असतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच अॅपमधून पैसे देते. रिझर्व्ह बँकेने ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्व क्यूआर एकमेकांत चालणारे करायला लावले, आणि जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायचे नाही असे ठरले. २०२४ च्या सुरुवातीला पेटीएम पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ज्या दुकानदारांना दुसऱ्या कंपनीकडे जायचे होते त्यांना कागद बदलून चिकटवण्यापलीकडे फार काही करावे लागले नाही. तरी देशातले बहुतांश व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोन अॅपमधूनच होतात, आणि फुकट व्यवहारातून कमाई नाही म्हणून कंपन्या आवाज करणाऱ्या डब्याचे महिन्याचे भाडे घेतात. सगळेच फुकट कधी नसते. पण निघून जायचा खर्च शून्याच्या जवळ असेल, तर दोनच कंपन्या असूनही गिऱ्हाइकाची मान मोकळी राहते, हे इथे दिसते.

या सगळ्यात एकट्या गिऱ्हाइकाची ताकद किती, हा प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर याच भागातल्या मराठी मध्यमवर्गाने पन्नास वर्षांपूर्वी शोधले होते. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. काही कुटुंबांनी एकत्र यायचे, महिन्याची यादी एकत्र करायची, माल घाऊक भावाच्या जवळपास घ्यायचा आणि वाटणी स्वतः करायची. मुंबई, ठाणे, डोंबिवली भागात असे गट अजून चालतात. तांदूळ आणि तूरडाळ आपण एकत्र घेऊ शकतो, मग दोनशे घरांची सोसायटी ब्रॉडबँड, प्युरिफायरचा एएमसी किंवा सीसीटीव्ही एकत्र का घेत नाही? काही सोसायट्या घेतात, आणि त्यांना मिळालेला दर आणि लेखी अटी इतरांपेक्षा खरोखर चांगल्या असतात. बाकीच्या सोसायट्यांत दोनशे घरे दोनशे ठिकाणी घासाघीस करतात आणि प्रत्येकाला वाटते आपलाच दर सगळ्यात कमी.

कंपन्यांची बाजू मी विसरलेलो नाही. पोर्टिंग सोपे असले की काही गिऱ्हाइके दर तीन महिन्यांनी नव्या सवलतीमागे धावतात, आणि त्यांच्यावर झालेला खर्च निष्ठेने बसलेल्यांच्या बिलातून भरला जातो. दर इतके खाली गेले की वायर दुरुस्त करायला माणूस ठेवता येत नाही, तेही आपण पाहिले आहे. स्वस्ताईचा आग्रह धरताना आपण कोणाचा तरी लाइनमन कमी करत असतो. म्हणून या पुस्तकात कुठेही 'सगळ्यात स्वस्त ते घ्या' असे म्हटलेले नाही, आणि 'ब्रँड बघून घ्या' असेही नाही. कुठल्या कंपनीचे काय घ्यावे हे सांगणारी यादी शोधणाऱ्याने पुढे वाचू नये.

कायद्याचा उल्लेख शेवटच्या प्रकरणात सविस्तर आहे, इथे फक्त दोन गोष्टी. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असा समज २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पसरला होता. त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये खासगी मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते असे स्पष्ट केले. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार जिथे गिऱ्हाईक राहते तिथल्याच जिल्हा आयोगात करता येते. वस्तू बंगळुरूच्या कंपनीची असली तरी डोंबिवलीकराला ठाण्याच्या पुढे जावे लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि वकील लागतोच असेही नाही. पण बिल लागते, तक्रारीचा क्रमांक लागतो, आणि करार केला त्या दिवशीचा कागद लागतो.

तेव्हा वाचकाला एकच विनंती. पुढचे प्रकरण उघडण्याआधी घरातले फोनचे, इंटरनेटचे, टीव्हीचे शेवटचे बिल आणि प्युरिफायरचा एएमसीचा कागद शोधून जवळ ठेवा. प्रत्येकावर एक प्रश्न पेन्सिलने लिहा: हे उद्या बंद करायचे ठरवले तर किती दिवस आणि किती पैसे लागतील? ज्या कागदावर उत्तर लिहिता येणार नाही, त्याच्यासाठी उद्या सकाळी कंपनीला फोन करा आणि उत्तर लेखी मागा.